खळं

लाइट गेली की इन्क्युबेटरला
मी गोधडी पांघरते.
सिंदेवाहीत रात्री अशाच जातात.

सकाळी बशी उजेडात धरायची.
औषधाच्या टिकलीभोवती
चंद्राला पडतं तसं खळं पडलं
तर औषध लागू.
पट्टीनं मोजते : एकवीस. अठरा.

उर्कुडा निकुरेच्या बशीत सहा टिकल्या,
एकीलाही खळं नाही.
जंतूंचं पीक टिकलीला भिडलेलं, दाट.
पायाची जखम, रोवण्यातली.
गोळ्या तीन-तीन दिवसांच्या,
तीन दुकानांतून,
बरं वाटलं का बंद.

पूर्वी हे माझ्या वहीतच राहायचं,
चहाच्या डागाखाली.
आता दर शुक्रवारी आकडे चंद्रपूरला जातात,
मूलचे, नागभीडचे, माझे,
एकाच तक्त्यावर.
काल तिथून फोन :
"मॅडम, तुमच्यासारख्या दोन बशा मूललाही."
म्हणजे मी चुकले नव्हते.
चुकले असते तर बरं झालं असतं.

खिडकीशी उर्कुडाचा पोरगा,
हातात घडी पडलेली चिठ्ठी.
"रिपोट बरा आहे ना जी?"

आत सातवी टिकली ठेवली आहे,
शेवटची, महागाची.
"उद्या ये," मी म्हणते,
"उजेड पडल्यावर."