आणखी दोन पावसाळे

दिवाडीच्या खाजनात, बांधाच्या पोटात
लाकडी दारं आहेत. मानस म्हणतात त्यांना इथे.
भरतीला नदीच्याच ढुशीने मिटतात,
ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात.
कुणी हात लावत नाही.
पहिल्यांदा शब्द ऐकला तेव्हा वाटलं
ही माणसं मनाबद्दलच बोलतायत.

मी माती तपासणाऱ्या कार्यालयातली.
पिशवीत चौदा बाटल्या, एक खुरपं,
आणि क्षार मोजणारं यंत्र,
ज्याची बॅटरी नेमकी शेतात संपते.

त्या वर्षी दिवाळीच्या अमावास्येला बांधाला खांड पडली.
खेकड्यांच्या बिळातून आधी बोटभर,
मग म्हैसभर नदी आत आली
आणि कापणीला आलेल्या कोरगुटावर
हातपाय पसरून झोपली.

मी लिहिलं : लागवडीस अयोग्य.
खाली सही, तारीख, शिक्का.

इनास मानशीवर बसून जाळं सांधत होता.
त्याने चिमूटभर चिखल उचलला,
जिभेच्या टोकाला लावला, थुंकला.
"आनीक दोन पावस," म्हणाला.
मी हसले.
माझ्याकडे तीन दशांश स्थळांपर्यंतचं उत्तर होतं.

परतीच्या फेरीबोटीत मात्र हिशेब सुटेना.

पाणी इथून निघतं तेव्हा सामान नेत नाही.
मीठ इथेच टाकतं, गाळ इथेच,
आणि सत्तरीच्या डोंगरावर उतरतं
रिकाम्या हाताने, पाहुण्यासारखं.
खाली येताना मात्र दारोदार मागत येतं :
जांभ्याकडे लोखंड,
किंदळीच्या कुजत्या पानांकडे नत्र,
खाणीच्या ढिगाऱ्याकडून तर
न मागता जे मिळतं तेही.
सगळं पदरात घेऊन मांडवीत.

त्यातला चुना वेचून तिसऱ्या घर बांधतात.
तिसऱ्या इनासच्या कालवणात,
शिंपले माडाच्या आळ्यात, वर सडके तारले.
माडाचं खोबरं पुन्हा कालवणात.
एकाच वाटीत गाठ पडते जुन्या शेजाऱ्यांची,
पण कुणी ओळख दाखवत नाही.

आणि चिपीच्या मुळांतला तो काळा चिखल,
कुजक्या अंड्याच्या वासाचा.
हवा तिथे पोचत नाही.
तिथले जीव इतके बारीक
की गावकारीच्या वहीत त्यांची नावं नाहीत,
समुद्राने आणलेल्या गंधकावर श्वास घेतात,
आपण नाकाला रुमाल लावून पुढे जातो.

पहिल्या पावसाळ्यानंतर आकडा निम्म्यावर आला.
दुसऱ्या पावसाळ्यात इनास गेला.
शेत पाण्याने तुडुंब, मानशीची दारं
दर ओहोटीला उघडत होती आपोआप,
मीठ नदीकडे परत निघालेलं.
त्याला टेकडीवरच्या सिमितेरीत ठेवलं.
तिथलीही जागा उसनीच,
काही वर्षांनी हाडं काढून दुसऱ्याला द्यायची.
उतारावरचं पाणी खाजनातच येतं,
हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

यंदा मृग सरल्यावर गेले.
खुरपं घातलं, यंत्र लावलं, बॅटरी गेली.
बांधावर एक बगळा.
इनासची सून मानशीच्या पावणीचे पैसे मोजत होती,
नोटा ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या.
"किते म्हणटा माती?" तिने विचारलं, मान वर न करता.

मी चिमूटभर चिखल उचलला.
जिभेवर आधी लोखंड, मग काहीसं तुरट,
मग बऱ्याच वेळाने, लांबून आल्यासारखं
मीठ.
त्याचं की माझंच, कळेना.

थुंकले.
"पेर," म्हणाले.

अहवालात चवीसाठी रकाना नाही.
मी समासात लिहिलं : इ.
पुढचं अक्षर सुचेना.