खण नंबर सतरा

मुहर्रकला समुद्र मागे सारून केलेल्या जमिनीवर
आमची बिनखिडक्यांची इमारत.
रात्रीचा दीड. बाहेर छत्तीस डिग्री,
आत मी स्वेटरमध्ये.
मी, ईसा, आणि चोवीस जुन्या डिस्क.
आज त्यांची शेवटची पाळी,
हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

एका इस्पितळाची अकरा वर्षं आहेत त्यांच्यावर:
मोडलेली मनगटं, धुरकट फुप्फुसं,
बावीस आठवड्यांची बाळं, करडी, अंगठा तोंडात.
हे सगळं नव्या पेटीत जायचंय.

नव्या पेटीत फिरत काहीच नाही.
हात ठेवला तरी कळत नाही, जागी आहे की निजलेली.
जुन्या डिस्कपुढे एकच रांग, बत्तीस मागण्यांची;
तेहतिसावीने दाराबाहेर उभं राहायचं.
हिच्यापुढे पासष्ट हजार रांगा.
ईसा म्हणाला, "खोपकर,
ही तुमच्या वकिलातीत नेऊन बसव."

मी या धंद्यात आलो इचलकरंजीत, सूतगिरणीच्या हापिसात.
तेव्हा केबल चपटी असायची, परकराच्या काठाएवढी रुंद.
ऐंशी तारा शेजारी शेजारी.
सोळा बिट एकदम निघायचे, हातात हात घालून,
आणि वेग वाढवला की एखादा मागे पडायचा.
मग पोचलेल्यांनी उंबऱ्यावर थांबायचं, त्याच्यासाठी.
शेवटी कुणीतरी ठरवलं:
एकेकट्याने जा. एकामागून एक जा.
वेग वाढला तो तेव्हा.
मीही त्याच सुमारास इकडे आलो.
एकटाच.

ईसाचे आजोबा मोत्यांच्या बोटीवर दोरी धरायचे.
बुडी मारणारा तळाशी, हे वर,
मधे तेवढी एक दोरी.
एक हिसका, म्हणजे ओढ.
त्या भाषेत दुसरा शब्दच नव्हता.
"हाही इंटरफेसच," ईसा म्हणाला,
"एका श्वासाला एक बिट."
"आणि हिसका आलाच नाही तर?"
त्याने करक चहाचा कागदी कप चेपला, टोपलीत टाकला.

पडद्यावर: उरलेला वेळ चार तास चाळीस मिनिटं.
नवी पेटी अकरा वर्षं घोटभर पाण्यासारखी पिईल.
पण ओतणारा हात जुना आहे.

साडेतीनला सतरा नंबरच्या खणातून
टक्.
पंख्यांच्या गदारोळात ईसाला काहीच आलं नाही ऐकू.
मला आलं. वीस वर्षांत माझे कान याच कामाचे उरलेत.
टक् टक्.
आत ती सुई त्याच जागी उतरत होती
आणि रिकामी वर येत होती.
"दिवा तर हिरवा आहे," ईसा म्हणाला.
दिव्याला नंतर कळतं.

मी बाकीच्या मागण्या थांबवल्या. रांग मोकळी केली.
एकच मागणी. ती आली, की पुढची.
पासष्ट हजार रांगांची ती पेटी
एका म्हाताऱ्या सुईच्या दमाने चालू लागली,
आणि कुठेही लिहिलेलं नव्हतं
की तिने असं चालावं.

ईसा नमाज पढून आला. मी स्टुलावरच होतो.
सव्वासातला शेवटची फाईल उतरली:
कुणाचा तरी डावा गुडघा.
"एवढ्यासाठी?" ईसा म्हणाला, आणि हसला,
आणि मग आम्ही दोघांनी तो गुडघा
उघडून नीट पाहिला.

कडी सोडवून सतरा नंबर ओढली.
हातात ऊन लागली, खिशात राहिलेल्या नाण्यासारखी.
वीज तुटली होती. आतली तबकडी अजून फिरत होती.
मी सवयीने मनगट वळवलं, खोक्याकडे,
तर तिने वळू दिलं नाही.

एक हिसका.

ईसा खोकं धरून उभा.
मी म्हटलं, जरा थांब,
आणि धरून राहिलो.