बारा वाजायच्या आत

वेर्णाच्या पठारावर दुसरी पाळी सुटली,
तिसरी आत आली, आणि यंत्र बंदच.
डाय बसवलाय, पंच पुसलेत,
पावडर ड्रममध्ये सीलबंद.
लीगलच्या कुंकळकर बाईंचा कागद दाराला चिकटवलाय:
बाराच्या आधी एकही गोळी नको.

वीस वर्षं आज रात्री संपतात.
ते पेटंट मी वाचलं होतं एकदा,
जेवणाच्या सुट्टीत, चौऱ्याऐंशी पानं.
त्यात एक वाक्य होतं:
या विद्येतल्या कुशल माणसाला
सहज सुचलं नसतं असं काही.
डबा उघडा ठेवून मी बघत बसलो.
हा कुशल माणूस म्हणजे मीच की काय,
ज्याला सुचलं नाही
अशी कायद्यात नोंद आहे?

मग आगुस्तीन आठवला, लोटलीचा शिंपी.
काजं कापायच्या ब्लेडनं गोळी कापायचा.
अर्धी आज, अर्धी उद्या.
पुढं पुढं पाव.
चुरा बोटाला लागला तर बोट चाटायचा,
‘पयशे मरे हे!’ म्हणून हसायचा.
त्याला सहज सुचलं होतं.
सहज सुचलेल्याचं पेटंट होत नाही.

तिकडं दूर कुणी जागलंही असेल,
हजार रेणू वाया गेल्यावर
हा एक हाती लागला असेल.
ते खोटं नाही.
त्याला आगुस्तीन माहीत नव्हता, एवढंच.

बारा वाजून एक मिनिट.
बटण.
पहिली गोळी ट्रेमध्ये पडली, कोमट.
वजन बरोबर, जाडी बरोबर.
मी ती उजेडात धरली
आणि मधोमध
कापायची रेघ शोधू लागलो.