वाफळ

कारखान्यात त्या टॉवेलाला वाफळ म्हणायचे.
ऑर्डरच्या कागदावर वॉफल असायचं,
मुकादमाच्या तोंडून मागापर्यंत येता येता
त्याचं वाफळ व्हायचं.
चौकोनाला लागून चौकोन, काठ उभे,
मध्ये पाणी पिणारा खळगा.
नान्नांनी एकोणीस वर्षं तो विणला,
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत,
आणि कधी विचारलं नाही
ही वाफ कसली.

मशीन मी आणलं सात रस्त्यावरून,
कॅफे बंद केलेल्या एका पोराकडून, निम्म्या किमतीत.
खाचांत अजून त्याचं चॉकलेट होतं,
टूथब्रशनं काढत बसले रविवारची अर्धी सकाळ.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मैदा बंद,
साखर बंद, पाव, खारी, बटर बंद.
नान्ना म्हणाले, मग उरलं काय?
उरली ज्वारी.
दोन वाट्या मालदांडी, एक वाटी गहू कोंड्यासकट,
मूठभर नाचणी, जवस भाजून कुटलेलं,
आणि आंबट ताक, रात्रभर.
गिरणीत व्हनमाने म्हणाले, चाळू का?
नको म्हटलं, तर माझ्याकडे असं पाहिलं
जसं कुणी टरफलासकट शेंगा मागितल्या.

काय करायलीस गं, अम्मानं विचारलं
सुपातल्या विडीवरून नजर न काढता.
वाफळ, मी म्हटलं.
नान्नांनी पेपर खाली केला.

पहिलं झाकण उघडलं
तर अर्धं वर, अर्धं खाली,
मध्ये तुटलेलं, ओलं.
दुसरंही तसंच.
तिसऱ्याला मी तेल ओतलं, देवाचं नाव घेतलं,
ते तर चमच्यानं खरवडावं लागलं.
अम्मा म्हणाली, भाकरी थाप, उगा का हाल.

नान्ना उठले. चष्मा कपाळावर.
तुटलेला तुकडा बोटांत घेतला,
ओढून बघितला, सूत बघावं तसा.
म्हणाले, पीठ जुनं आहे, विरी गेलीये.
खळ दिलीस का?
पिठाला कसली खळ, नान्ना.
ताण्याला खळ नसली तर धागा तुटतो, म्हणाले,
मग पिठाला का नको?
आणि स्वतःच पातेलं घेतलं,
चार चमचे ज्वारी, पेलाभर पाणी,
मंद आचेवर घोटत राहिले,
घट्ट, चकचकीत, बोटाला धरणारी होईपर्यंत.
घरात आला
मागाच्या जुन्या खात्याचा वास.
कोमट झाल्यावर ती खळ त्यांनी ताकात कालवली,
एकही गुठळी नाही.

चौथं झाकण उघडलं
आणि ते सबंध सुटलं,
तपकिरी, काठांवर कडक, ठिपके जवसाचे.

नान्नांनी आधी उलटी बाजू बघितली.
मग उजेडात धरलं.
अंगठा फिरवला खळग्यांवरून, एक ओळ मोजली,
म्हणाले, इथं किनार सुटलीये.
मधाऐवजी मी शेंगाचटणी दिली, वर कच्चं तेल,
तेल एकेका घरात जाऊन बसलं.
ते खात होते. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, ते आपले टॉवेल जायचे कुठं?
बाहेर, मी म्हटलं, जहाजानं.
म्हणजे तिकडची लोकं हेच खायलेत
आणि त्यालाच तोंड पुसायलेत?

अम्मा इतकी हसली
की सुपातला तंबाखू सांडला.

ओट्याच्या खिळ्याला रिजेक्टमधला एक टॉवेल आहे,
धुवून धुवून खळगे सपाट झालेले.
नान्नांनी त्याला हात पुसले,
पुसता पुसता थांबले, टोक उलटं करून पाहिलं,
पुन्हा खिळ्याला अडकवलं.

साखरेचा रिपोर्ट सोमवारी येईल.
खळ थोडी उरली होती, तिच्यावर त्यांनीच ताटली झाकली.
उद्या कांदा घाल, म्हणाले,
आणि पेपर उघडला.