एम कटतो

फळ्यावर हे गणित तीन ओळींत सुटतं.
त्रिज्या चाळीस मीटर, वेग ताशी छत्तीस,
टॅन थीटा पाव, म्हणजे चौदा अंश,
आणि एम दोन्ही बाजूंना आहे, म्हणून कटतो.
पोरींना तो खोडायला फार आवडतं.
खडूची एक तिरकी रेघ, झालं.

घाटात मात्र एम माझ्या मागे बसायचा.
उखर्डू महाजन, प्रयोगशाळा परिचर,
अठ्ठ्याऐंशी किलो,
मांडीवर दुरुस्तीला न्यायची ताणकाट्यांची पेटी
आणि गालात बडीशेप.

रोज संध्याकाळी कन्नडहून खाली चाळीसगाव.
पहिल्या आठवड्यात वळण आलं की
मी गाडी तेवढी वाकवायचे, स्वतः ताठ,
म्हणजे पडलीच तर ती पडेल, मी नाही.
तो मागून म्हणाला,
"बाई, गाडी पडत नही, ती वळस.
तुम्ही बी तिनासंगे वळा."

नोकरीच्या आधी राजदूतवर दूध घालायचा तो,
दोन्ही अंगांना दोन कॅन, झाकणं ढिली.
नीट वाकलं, म्हणायचा,
तर दूधले कळतच नही का वळण उनं.
ताठ राहिलात की सांडलं.

वर्गात मी सांगितलं,
परिणामी बल गाडीच्या अक्षातूनच जातं.
कोणी मान वर केली नाही.
मग दूध सांगितलं.
ते सगळ्यांनी उतरवून घेतलं.

चौदापैकी चार अंश रस्ता देतो,
बांधणाऱ्याने बाहेरची कड उचलली असेल तर.
उरलेले दहा आपले आपण द्यायचे.
आणि डावीकडे जायचं तर हँडल आधी
चिमूटभर उजवीकडे.
हे माझे हात कित्येक वर्षं करत होते,
मला न विचारता.

जानेवारीत तो रिटायर झाला,
एरंडोलला लेकीकडे गेला.
सूत्राप्रमाणे यात बदलण्यासारखं काही नाही.
तोच घाट, तोच वेग,
शेवटून तिसऱ्या वळणावर तेच
ट्रकांनी गळवलेलं डिझेल, त्याच्या आतून जायचं,
तेच चौदा अंश.
मी वाकते. बरोबर वाकते.
खालून चाळीसगावचा उकाडा
नेहमीसारखा आधी नाकाला लागतो.

फक्त मागचं चाक खडीवर उगाच उड्या घेतं,
पाठीत एक हलका, मोकळा दणका.
एम कटतो, पण कोनातून.
शॉकअपला हे कोणी शिकवलेलं नाही.

रईसभाईंनी सीटवर तळहात दाबून पाहिला,
सोडला,
पुन्हा दाबला.
"मागे आता कोणी बसत नही का, बाई?"
मी म्हटलं, नाही.
त्यांनी वाकडा पाना घेतला
आणि दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा
दोन-दोन खाचा सैल केल्या.