दोनशेचा बल्ब

उदगीरला, देगलूर रोडवर, अण्णांच्या दुकानात
फळीला एक बल्ब ठोकलाय दोनशे वॅटचा.
तो उजेडासाठी नाही.

भरून झालेली मोटर आधी त्याच्यातून जाते.
भक्कन पेटला, तर आत कुठं तरी तार तारेला चिकटलीय.
लालसर, मेणबत्तीएवढा, तर बरं.
पेटलाच नाही, तर अण्णा बराच वेळ गप्प.
"डायरेक लावायचं नसतंय गं कधी,"
मी सातवीत, हातात वार्निशचा ब्रश,
"डायरेक लावलं की फ्यूज जातंय,
मग मीटर,
मग शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या शिव्या."

आता वरच्या खोलीत मी कर्नल बांधते.
म्हणजे भरतेच,
तांब्याच्या जागी ओळी,
आणि हाताला वास लागत नाही.
नांदेडहून आणलेला जुना लॅपटॉप,
एक बिजागरी दोऱ्यानं आवळलेली,
पंचवीस मिनिटं पंखा घरघरतो,
मग एक छोटी आज्ञा,
आणि त्याच्या पोटात
दुसरं एक यंत्र डोळे उघडतं.
त्याला स्वतःची डिस्क नाही, पडदा नाही.
माझ्याच फायली वाचतं, लिहीत मात्र नाही,
परक्या घरी जेवायला बसलेल्या पोरासारखं
कशाला हात न लावता.
दोन सेकंदांत उठतं.
तिसऱ्यात मरतं.

पॅनिक.
आकड्यांची उतरंड,
शेवटी कोण कुणाला हाक मारत होतं त्याची यादी.
मग परत माझा प्रॉम्प्ट.
एक वाजून दहा.
मावशीला अर्धवट लिहिलेला मेल तसाच उघडा,
'इकडे सगळे बरे आहेत' वर थांबलेला.

त्याचं बोलणं सिरीयल पोर्टमधून येतं, म्हणून सांगितलं
तर अण्णा म्हणाले, "म्हंजे सिरीजच की."
मी दुरुस्त केलं नाही.

पहिल्यांदा मीही डायरेकच लावलं होतं.
काळा पडदा, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकणारी,
आणि सकाळी आठला भरायचा फॉर्म
त्या काळ्याच्या आत.
अण्णा दारात, चष्मा कपाळावर.
"काय करलालीस?"
"जळलं."
त्यांनी हवेत नाक धरलं.
"वास तर नाही आला,"
एवढंच बोलून खाली गेले.

काल रात्री ते चाळीसदा मेलं.
दोन धागे, दोन कुलपं,
ह्याच्या मुठीत त्याची किल्ली, त्याच्या मुठीत ह्याची,
दोघंही थांबलेले,
जन्मभर थांबले असते.
सातशे बदलांच्या मधोमध बोट ठेवलं:
इथवर नीट होतं का?
होतं. मग उरलेल्याच्या मधोमध.
दहा खेपांत ओळ सापडली.
लिहिणारी मीच, पोळ्याच्या दिवशी, घाईत.

एकेचाळिसाव्यांदा ते उठलं
आणि मेलं नाही.
कर्सर, मेणबत्तीएवढा.

पण खुर्शीदभाईंच्या गिरणीची मोटरही
बल्बवर अशीच लालसर होती.
जवारीचा पहिला डबा पडला आणि धूर.
"उस्ताद, बल्बला दळण दिसत नाही,"
खुर्शीदभाई म्हणाले, रागानं नाही.
अण्णा काही बोलले नाहीत. बल्ब पुसला,
मोटर पुन्हा उघडली,
पैशाचा विषय निघाला नाही.
पोटातल्या यंत्रालाही
खरा वायफाय नाही, मेमधली वरची खोली नाही,
झाकण मिटून झोपणं, परत उठणं नाही.

तर आज पहाटे
तोच कर्नल मी लॅपटॉपवर चढवला.
जुना यादीत दुसऱ्या ओळीवर ठेवला,
पेनड्राइव्ह ओढणीच्या टोकाला बांधला.
रीस्टार्टवर बोट.
खाली शटर वर गेलं,
तीन फेजच्या वायरी जमिनीवरून ओढल्याचा आवाज,
आणि अण्णा कुणाला तरी सांगत होते,
"जरा मागं सरका."

मीही खुर्ची मागं घेतली.