सातवं स्टेशन

स्प्रिंग तांदळाच्या कणीएवढी.
चिमट्यात धरायची, तिरकी बसवायची,
अंगठ्याने दाबायची, टक्,
डबी पुढे सरकवायची.
बावीस सेकंद.

रबाळ्याला, नाल्याच्या कडेला आमचं युनिट.
बाहेर केमिकलचा आंबूस वास, आत एसी,
तोही मशीनला घाम येऊ नये म्हणून.
सहाव्यावर तनुजा भोपी, आठव्यावर झारखंडची सुगिया,
मध्ये मी.
लाईनवर बोलायचं नाही.
ओठ न हलवता बोलता येतं,
हे तिसऱ्या दिवशीच कळतं.

कधी एखादी कणी उडते.
वाघचौरे सर म्हणतात, शोधा, मोजून दिल्यात.
नाही सापडत.
रात्री घणसोलीत दुमडलेली बाही सोडताना
फरशीवर टिण्ण.
एवढासा आवाज.
टीव्ही चालू असतो,
मी एकटीच वळून बघते.

गेल्या मंगळवारी चाळीचे दिवे गेले.
खालच्या इस्त्रीवाल्याने शेगडी आणि इस्त्री
एकाच बोर्डाला लावलेली.
जिन्यात सगळे जमले. म्हणाले,
एमसीबी पडली, सगळा माल भिकार.
मी मोबाईलचा उजेड धरून पट्टीवरचा नंबर वाचला.
आमचीच.
आठवडा एकेचाळीस, दुसरी पाळी.

एकेचाळीस म्हणजे... बोटांवर मोजलं...
ऑक्टोबर. धाकट्याला कावीळ.
रजा मागितली, मिळाली नाही.
फोन लॉकरमध्ये, कान तिकडेच,
आणि सातव्यावर मी.
दिवसाला नऊशे डब्या, त्यातली एकही
नीट आठवत नाही.

तरी पडली. वेळेवर पडली.
भिंतीतली वायर हाताला गरम लागली,
काळी झाली नव्हती.
पडणं हेच तिचं काम, असं सांगणार होते,
पण लोक पंख्यासाठी ओरडत होते.
जरा थंड होऊ दिली
आणि खटका वर केला.

शुक्रवारी माझं कार्ड जमा करायचंय.
सात महिने भरले की घेतात,
आठवा भरू देत नाहीत.
पंधरा दिवसांनी त्याच गेटवर
नवा फोटो, नवा नंबर, तीच मी.
तनुजा म्हणते, आपल्याला बरं पाडतात गं,
लोड काही नसताना.
हसलो दोघी, ओठ न हलवता.

तोवर सातव्यावर सुगिया बसेल.
तिला सांगून ठेवलंय,
स्प्रिंग तिरकी धर, थोडी तुझ्याकडे.
सरळ धरलीस
की उडते.